बाकी सगळ्या कॅसेट चालतात, फक्त ‘ओशाबेरी पॅरोडियस’ लावली की पडदा काळा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याला हाच त्रास आहे त्याला लगेच ओळख पटेल. सुपर फॅमिकॉमचं, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या जपानी गेम-यंत्राचं, बटण सरकवलं की लाल दिवा लागतो. ‘गोकुजो पॅरोडियस’ लावली, चालते. १९९२ची ‘पॅरोडियस दा!’ लावली, तीही चालते. ‘जिक्क्यो ओशाबेरी पॅरोडियस’ लावली की दिवा लागलेला, टीव्ही जागा आणि पडदा मात्र तव्यासारखा काळा. आवाज नाही, अक्षर नाही. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. चौथ्या-पाचव्या खेपेला एकदाचं कोनामीचं, म्हणजे खेळ बनवणाऱ्या कंपनीचं, नाव झळकतं आणि घरातले सगळे टाळ्या वाजवतात. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे हा खेळ जवळजवळ वर्षभर चालला. मी टोकियोत निशी-कासाईला राहतो, जुन्या कॅसेट विकणारी दुकानं इथे पायाला लागतात. त्यामुळे पहिला मूर्खपणा केला तो हा, की कॅसेटच खराब आहे असं धरून तीच कॅसेट दुसरीकडून पुन्हा विकत घेतली. तीही काळी. म्हणजे माझ्याकडे दोन झाल्या आणि दोन्ही धडधाकट होत्या.

घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या. दोष बहुधा कॅसेटच्या आणि यंत्राच्या खाचेच्या दोन्ही टोकांना असलेल्या पिनांमध्ये आहे. बाकीच्या बहुतेक कॅसेट त्या पिना वापरतच नाहीत, म्हणून त्या कॅसेट सुखाने चालतात. नुसती कॅसेट पुसली तर काम तात्पुरतं होतं, खाचेची टोकं पुसली नाहीत तर दुखणं परत येतं. आणि परदेशी कॅसेट चालाव्यात म्हणून कोणी तुमच्या यंत्राचं कुलूप आतून तोडलेलं असेल, तर कितीही पुसा, ही कॅसेट चालणार नाही. आता नीट सांगतो.

ही कॅसेट भावंडांहून वेगळी का

पॅरोडियस म्हणजे पॅरडी अधिक ग्रेडियस. ग्रेडियस हा कोनामीचा १९८५चा गंभीर चेहऱ्याचा अंतराळयुद्धाचा खेळ. पडदा बाजूला सरकत राहतो आणि आपलं छोटं विमान गोळ्या झाडत पुढे जातं. त्याच कोनामीने १९८८ साली एमएसएक्स संगणकासाठी स्वतःच्याच देवाची टिंगल केली. विमानाच्या जागी ऑक्टोपस, शत्रू म्हणून पेंग्विन, आणि ग्रेडियसमधल्या त्या भारदस्त मोआई नावाच्या दगडी मुंडक्यांची यथेच्छ थट्टा. १९९०च्या आर्केडवाल्या, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या, ‘पॅरोडियस दा!’मध्ये मांजराच्या तोंडाचं अख्खं जहाज अंगावर येतं, आणि पडद्याएवढी नर्तकी नाचत असताना तिच्या पायांमधून विमान काढावं लागतं. मागे वाजतं ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, तेही असं पळवलेलं की मूळ रचनाकारांनी कपाळाला हात लावावा. या खेळात घंटा गोळा कराव्या लागतात. घंटेला गोळी लागली की ती रंग बदलते आणि रंगाप्रमाणे वेगळी शक्ती देते. एका घंटेने तर आपल्या हातात चक्क भोंगा येतो आणि आपण शत्रूवर नुसतं ओरडत सुटतो. विषयांतर पुरे.

‘दा!’ आणि १९९४चा ‘गोकुजो’ हे दोन्ही आधी आर्केडमध्ये आले, मग घरच्या यंत्रावर. ‘ओशाबेरी’ मात्र थेट घरातच जन्मला, १५ डिसेंबर १९९५ रोजी, सुपर फॅमिकॉमवर. जिक्क्यो म्हणजे आपल्याकडे आकाशवाणीवर क्रिकेटचं व्हायचं ते धावतं समालोचन, आणि ओशाबेरी म्हणजे बडबड. नाव शब्दशः खरं आहे. आपण खेळत असताना एक आवाज सतत बोलत असतो. तो आवाज जोजी यानामी या ज्येष्ठ आवाज-कलाकारांचा. जपानी फारसं कळत नसलं तरी सूर कळतो. आपली चूक झाली की शेजारच्या काकांनी गॅलरीतून हटकावं तसा तो सूर आहे. माझी मुलगी खेळासाठी बसत नाही, त्या काकांसाठी बसते.

पण वेगळेपण या बडबडीत नाही. आवाज काढायचं काम यंत्राच्या स्वतःच्या ध्वनी-चिपचंच आहे, ती सोनीने बनवलेली आणि सगळ्या कॅसेटना सारखीच लागू. वेगळेपण कॅसेटच्या पोटात आहे. तिथे एसए-१ नावाचा दुसरा प्रोसेसर बसवलेला आहे. यंत्राचा मूळ प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झने चालतो, हा त्याच जातकुळीचा पण १०.७४ मेगाहर्ट्झने धावणारा. म्हणजे कॅसेट लावली की एका घरात दोन कर्ते होतात, आणि धाकटा थोरल्याच्या तिप्पट वेगाने काम करतो. ‘सुपर मारिओ आरपीजी’ आणि ‘कर्बी सुपर डिलक्स’ या १९९६च्या कॅसेटमध्येही हाच एसए-१ आहे. ‘गोकुजो’मध्ये नाही, १९९२च्या ‘दा!’मध्येही नाही. एवढ्या एका गोष्टीने माझं अर्धं कोडं सुटायला हवं होतं, पण ती मला कळायला वर्ष लागलं.

टोकांच्या सोळा पिना

कळलं ते असं. एका रविवारी वैतागून ‘गोकुजो’ आणि ‘ओशाबेरी’ दोन्ही कॅसेट उलट्या करून शेजारी शेजारी धरल्या आणि तोंडात डोकावून पाहिलं. ‘गोकुजो’च्या तोंडात मधोमध एकच सोनेरी पट्टी. ‘ओशाबेरी’च्या तोंडात ती मधली पट्टी होतीच, शिवाय डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन छोट्या सोनेरी जिभा. दोन्ही मधल्या पट्टीपासून खाचेने तोडलेल्या. तुम्हीही आत्ता पाहा, त्यासाठी कॅसेट उघडावी लागत नाही.

यंत्राच्या खाचेत एकूण ६२ पिना आहेत. साध्या कॅसेटला मधल्या ४६ पुरतात. उरलेल्या १६, म्हणजे प्रत्येक टोकाला पुढच्या बाजूने चार आणि मागच्या बाजूने चार, या पोटात जादा चिप असलेल्या कॅसेटसाठी राखून ठेवलेल्या. अगदी कोपऱ्यातल्या पहिल्या पिनेवर यंत्राच्या मुख्य घड्याळाचा ठोका येतो, २१.४७ मेगाहर्ट्झचा. त्याला दोनाने भागा, एसए-१चे १०.७४ मिळतात. हा ठोका पोचला नाही तर एसए-१ झोपूनच राहतो. आणि खेळाचा सगळा मजकूर ज्या रॉममध्ये आहे ती एसए-१च्या पलीकडे, त्याच्याच ताब्यात. म्हणजे दारावर बसलेला राखणदार झोपला तर घरात कोणालाच जाता येत नाही. यंत्र बिचारं दार ठोठावत बसतं, आपल्याला काळा पडदा दिसतो.

आता विचार करा, तुमचं यंत्र तीस वर्षांचं. त्या तीस वर्षांत त्याच्या आधीच्या मालकाने टोकांच्या पिना वापरणारी कॅसेट किती वेळा लावली असेल? मधल्या पिना रोजच्या घासण्याने चकचकीत राहिल्या. टोकाच्या मात्र पाहुण्यांच्या खोलीसारख्या बंद. धूळ, ओल, तंबाखूचा धूर सगळं तिथे बसलेलं. म्हणून ‘गोकुजो’ चालते म्हणजे खाच स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढू नका. मी तोच काढून बसलो होतो.

दोष कुणाचा ते शोगीला विचारा

इथे मला सापडलेली सगळ्यात उपयोगाची युक्ती सांगतो. काळ्या पडद्यामागे कॅसेट आहे की यंत्र, हे ठरवायला एसए-१ असलेली दुसरी एखादी कॅसेट हवी. ‘सुपर मारिओ आरपीजी’ किंवा ‘कर्बी’ घरात असेल तर प्रश्नच नाही. पण नसेल तर त्यासाठी विकत घेऊ नका. शोगी घ्या.

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. संगणकाला पुढच्या चालींचा विचार करायला ताकद लागते, त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच शोगीच्या कॅसेटमध्ये एसए-१ घातलेला आहे. त्यातली एक ‘हाबु मेइजिन नो ओमोशिरो शोगी’. या कॅसेटना आता कोणी विचारत नाही. मला ती एका दुकानात ‘जंक’ लिहिलेल्या खोक्यात १०० येनला मिळाली. काउंटरवरच्या आजोबांनी ती हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, शोगी येते का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. घेताना तोंडात डोकावून बाजूच्या दोन जिभा आहेत ना ते बघून घ्या, सगळ्याच शोगींमध्ये ही चिप नसते.

आता तीन कॅसेट घेऊन बसा. ‘गोकुजो’ किंवा कुठलीही साधी, ही शोगी आणि ‘ओशाबेरी’. साधी चालते, शोगी चालते, ‘ओशाबेरी’ नाही, असं असेल तर कॅसेट पुसा, यंत्राला हात लावू नका. साधी चालते आणि शोगी, ‘ओशाबेरी’ दोन्ही काळ्या, तर यंत्राची खाच किंवा पुढे सांगतो ते कुलूप. साधीही चालत नसेल तर तो या टिपणाचा विषयच नाही. दिवाही लागत नसेल तर आधी अ‍ॅडॉप्टर आणि मग आतला फ्यूज बघा. माझ्याकडे शोगीही काळी निघाली. त्या क्षणी वर्षभराची फुंकर आणि दुसऱ्या कॅसेटचे पैसे दोन्ही डोळ्यांसमोर आले.

चित्र येतं पण त्यात रेघा, कचरा, तुटकी अक्षरं दिसतात असं असेल तर मात्र मधल्या पिनांवर संशय घ्या. टोकांची तक्रार बहुतेक वेळा सरळ काळी असते.

पुसायचं कसं, आणि फुंकर का नको

फुंकरीबद्दल आधी. आपण सगळ्यांनी ती मारली आहे. नव्वदच्या दशकात पुण्यात आमच्याकडे तो स्वस्तातला आठ-बिटी व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. दादा कॅसेट तोंडाजवळ धरून बासरी वाजवावी तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, आता चालेल. चालायचीही. इथे आल्यावर कळलं की जपानी पोरांचंही तेच, आणि तेही तिला कॅसेटच म्हणतात, कासेत्तो. पण चालायची ती फुंकरीमुळे नाही, काढून परत लावल्यामुळे. पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि वरचा थर खरवडला जातो. फुंकरीबरोबर जाते ती थुंकीची वाफ, आणि ती धातूवर बसून पुढच्या वेळचा थर तयार करते. म्हणजे आपण औषध समजून रोगच देत होतो.

लागतं ते जवळजवळ शंभर टक्के अल्कोहोल. जपानात कुठल्याही औषधाच्या दुकानात ‘मुसुई एतानोरु’ नावाची बाटली मिळते. ते ९९.५ टक्के शुद्ध, पाणी नसलेलं इथेनॉल. भारतात आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, ९९ टक्क्यांचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यातलं पाणीच आपल्याला नको आहे. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ उदबत्ती, निरांजन, गॅस काही नको. हे सांगतोय कारण आमच्याकडे देवघर आणि टीव्ही एकाच खोलीत आहेत.

कॅसेट सोपी आहे. कान साफ करायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, निथळून, पिनांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर अशी फिरवा. आडवी फिरवली तर एका पिनेची घाण शेजारणीवर जाते. मधला भाग झाला की त्या दोन जिभांवर नवी काडी घ्या. जुनी कॅसेट असेल तर काडी काळी येईल, स्वच्छ येईपर्यंत काड्या बदलत राहा. फारच चिकट असेल तर कॅसेट उघडावी लागते. तिचे दोन स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचा गेमबिट लागतो. यंत्राच्या पेटीला ४.५चा. दोन्ही एकत्र मिळतात, घेऊन ठेवा. गरम करून प्लॅस्टिकच्या पेनाची नळी स्क्रूवर दाबायचा उपाय मी करून बघितला आहे. नळी वाया गेली, स्क्रू जागच्या जागी.

पांढरा मऊ खोडरबर एखाद्या वेळी हलक्या हाताने चालेल, पण त्याचा चुरा नंतर पुसून काढा. सँडपेपर, भांडी घासायची पावडर, पितळ चमकवायचं पॉलिश यांतलं काहीही नको. पिनांवरचा सोन्याचा मुलामा केसाहून पातळ असतो. एकदा खरवडला की खालचं तांबं उघडं पडतं आणि मग ती कॅसेट आयुष्यभर तुम्हाला पुसत बसायला लावते.

खरी मेहनत खाचेची. प्लगमधून वायर काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. खाचेच्या आत पाहिलंत तर मधल्या भागाच्या आणि टोकांच्या मध्ये प्लॅस्टिकच्या दोन भिंती दिसतील. माझ्याकडे दुकानातून आणलेली एक सफाई-कॅसेट होती, आत कापड गुंडाळलेली पट्टी असते ती. मी ती कितीतरी वेळा आत-बाहेर केली होती आणि खाच साफ आहे म्हणून निर्धास्त होतो. नंतर बघितलं तर तिची पट्टी मधल्या भागापुरतीच होती. टोकांना तिचा कधी स्पर्शही झाला नव्हता.

म्हणून टोकांसाठी पट्टी स्वतः करा. जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाची, एक सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी रुंद. तिच्यावर चष्मा पुसायचं पातळ कापड एकदाच गुंडाळा. कापडासकट जाडी कॅसेटच्या आतल्या पट्टीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर खाचेतल्या स्प्रिंगा फाकतात आणि मग त्या साध्या कॅसेटलाही धरत नाहीत. थोडं अल्कोहोल लावून सरळ आत, सरळ बाहेर, आठ-दहा वेळा. डाव्या टोकाला एकदा, उजव्या टोकाला एकदा, कापड बदलून पुन्हा. माझं पहिलं कापड आलं ते चहाच्या गाळणीसारखं तपकिरी. नंतर पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या आणि मग आधी शोगी लावा.

शोगी पहिल्याच फटक्यात लागली. त्यानंतर ‘ओशाबेरी’. काका बोलू लागले.

त्रास पुन्हा पुन्हा का येतो त्याचं उत्तर यातच आहे. आपण पुसतो कॅसेट, घाण राहते खाचेत. स्वच्छ कॅसेट घाणेरड्या खाचेत दहादा घातली की घासून घासून एखादा ठिपका उघडा पडतो, तेवढ्यावर संपर्क जुळतो आणि खेळ सुरू होतो. मग हवेतली ओल तो ठिपका पुन्हा झाकते. इथे जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयु असतो, पावसाळी दमट महिना-दीड महिना, त्या काळात माझी कॅसेट हटकून रुसायची. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे चार महिने चपलेलाही बुरशी येते. खेळून झालं की कॅसेट खाचेत ठेवू नका, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. यंत्राच्या तोंडावरची फ्लॅप बंद होते ना तेही बघा, तिची स्प्रिंग गेली असेल तर धूळ सरळ आत पडते.

पुसूनही शोगी काळीच राहिली तर

मग कुलपाचा विषय. सुपर फॅमिकॉममध्ये एक छोटी चिप असते, ती कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत सांकेतिक बोलत राहते. उत्तर बरोबर आलं नाही की ती यंत्राला पुढे जाऊच देत नाही. एका विभागाची कॅसेट दुसऱ्या विभागाच्या यंत्रात चालू नये म्हणून केलेली ही तटबंदी. जपान आणि अमेरिका एकाच गटात, युरोप वेगळ्या. तटबंदी तोडायचा एक जुना सोपा उपाय म्हणजे यंत्रातल्या त्या चिपची ४ नंबरची पिन उचलायची, की कुलूप मुकं होतं. साध्या कॅसेटना त्याचं काही नाही. पण एसए-१मध्ये कॅसेटकडची किल्ली वेगळ्या चिपमध्ये नसून त्याच्याच अंगात आहे, आणि समोरचं कुलूप बोलत नाही म्हटल्यावर तो कामालाच लागत नाही. म्हणजे सगळ्या देशांच्या कॅसेट चालाव्यात म्हणून केलेल्या करामतीने नेमक्या याच कॅसेट बंद पडतात. लक्षण तेच, साधी चालते आणि एसए-१ काळी. म्हणून पुसण्याआधी हे ओळखता येत नाही.

यंत्र जुन्या मालकाकडून घेतलं असेल तर पेटी उघडून बघा. चिपवर ‘एफ४११’ लिहिलेलं असेल तर ते जपानी-अमेरिकी, ‘एफ४१३’ असेल तर युरोपीय. एखादी पिन वर उचललेली, कापलेली, किंवा तिच्यापासून मागच्या बाजूला जोडलेलं एखादं छोटं बटण दिसलं तर समजा. बटण असेल तर उलट बाजूला करून बघा, कदाचित तेवढ्यानेच खेळ लागेल. पिन नुसती उचललेली असेल तर सोल्डर करणाऱ्याकडून परत बसवून घ्या. स्वतः करणार असाल तर बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि निवांत दुपार हवी. माझं यंत्र जपानी आणि कोणी न छेडलेलं होतं, त्यामुळे मला ही वेळ आली नाही. एका मित्राच्या युरोपातून आणलेल्या यंत्रात मात्र हेच निघालं.

मधे जोडायचे अ‍ॅडॉप्टर, म्हणजे परदेशी कॅसेट त्यात घालून तो यंत्रात घालायचा, त्यांच्याही तोंडात बघा. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरना फक्त मधल्या ४६ पिना असतात. टोकं रिकामी असतील तर ‘ओशाबेरी’साठी तो लाकडाचा ठोकळा आहे. नव्याने बनवलेल्या स्वस्त नकली यंत्रांचंही तेच. काही चालवतात, काही नाही, आणि खोक्यावर ते कधीच लिहिलेलं नसतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक ओळ. अमेरिकी यंत्राच्या खाचेत प्लॅस्टिकची दोन टोकं उभी असतात, जपानी कॅसेट आत जाऊ नये म्हणून. ती पक्कडीने मोडतात, पण अर्धवट मोडली तर कॅसेट तिरकी बसते आणि पहिला संपर्क सुटतो तो कोपऱ्यातल्या पिनांचा.

भारतात घेऊन जाताना

गेल्या दिवाळीत मी यंत्र, ‘गोकुजो’ आणि एक ‘ओशाबेरी’ दादाला पुण्याला दिली. देण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टींचं वचन घेतलं. एक, फुंकर मारायची नाही. दोन, मूळ अ‍ॅडॉप्टर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घालायचा नाही. सुपर फॅमिकॉमचा अ‍ॅडॉप्टर जपानी १०० व्होल्टसाठी आहे, आपल्याकडे २३०. तो धूर काढून निरोप घेईल. २३०चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावा, किंवा २३० व्होल्टवर चालणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर घ्या, पण मूळ अ‍ॅडॉप्टरवर छापलेलं नीट वाचून. १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि प्लगच्या मधल्या टोकाला ऋण, बाहेर धन. बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलटे असतात, मधे धन. प्लग बसतो म्हणून तो लावू नका, मल्टीमीटरने तपासा. कॅसेटच्या पिना पुसून दुरुस्त होतात, उलट्या वीजप्रवाहाने गेलेलं काही परत येत नाही.

टीव्हीची अडचण बहुधा येत नाही. चित्र एनटीएससी या जपानी-अमेरिकी पद्धतीचं असतं, नवे टीव्ही ते ओळखतात. फक्त टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर ऑक्टोपस थोड्या उशिराने हलतो आणि काकांची बोलणी उगाच खावी लागतात.

जूनमध्ये दादाचा फोन आला.

“अरे, ते तुझे काका गप्प झालेत. पडदा काळा.”

“गोकुजो चालते?”

“चालते.”

“फुंकर मारलीस?”

जरा वेळ शांतता. “एकदाच.”

मी त्याला सांगितलं, आधी शोगी लावून बघ. तर म्हणाला, शोगी तू तिकडेच ठेवून घेतलीस. खरंच, ती १०० येनची कॅसेट माझ्या कपाटात होती. पोस्टाने पाठवली. तिकडे तीही काळी निघाली, म्हणजे पुन्हा खाचच. मग व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून जुन्या कार्डाची पट्टी कापून घेतली, वहिनींनी चष्म्याचं कापड दिलं, बुधवारातून अल्कोहोल आलं होतंच. डावं टोक, उजवं टोक. आधी शोगी लागली, मग ‘ओशाबेरी’. मागून काकांचा आवाज मला इथे फोनवर ऐकू आला.

नंतर शोगी परत मागितली, तर म्हणाला, “राहू दे इकडेच. पावसाळा अजून निम्मा बाकी आहे.”